कचरूमामांचा वाफा

कचरूमामा पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा गेटच्या आत आलेच नाहीत. मी "या ना मामा" म्हटलं, तर नुसती मान हलवली. सायकल भिंतीला टेकवली, दोन्ही हात गेटवर ठेवले आणि लॉनकडे बघत उभे राहिले. पाचेक मिनिटं तरी गेली असतील. मग म्हणाले, "ताई, इथं ऊन कुठून कुठवर येतं?"

मला सांगता येईना. त्या घरात मी बावीस वर्षं राहत होते.

"मग आज काम नाय," ते म्हणाले. "रविवारी घरीच असाल ना? सकाळी आठला, दुपारी बाराला अन् चारला, सावली जिथं संपती तिथं एकेक खडा ठेवा. मी सोमवारी येतो."

आणि सायकलवर टांग मारून निघून गेले. मी त्यांना कामाला बोलावलं होतं, आणि पहिलं काम तेच मला लावून गेले.

लॉन सतीशचं होतं. सतीश म्हणजे माझा नवरा. फेब्रुवारीत तो त्याच्या ऑफिसात, डबा खाऊन हात धुवायला उठला आणि बेसिनपाशीच पडला. मी तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांना लेबलं चिकटवत होते. फोन आला, मी गेले, सगळं झालं. मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, मोकळी होईल हळूहळू. ऑक्टोबर उजाडला तरी तसं काही झालं नाही. दात काढताना इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो पण चिमटा काढला तरी कळत नाही. माझं सगळंच तसं झालं होतं. मी कामावर जात होते, स्वयंपाक करत होते, कोणी काही विचारलं की "बरं" म्हणत होते.

सिडकोत आमच्या भागाला नळाचं पाणी आठवड्यातून एकदा येतं. अशा गावात लॉन ठेवायचं म्हणजे वेडेपणाच. सतीश धुण्याचं, भांड्यांचं, फिल्टरचं पाणी बादल्यांनी साठवायचा आणि गवताला घालायचा. शेजारी हसायचे. तो गेल्यावर उन्हाळ्यात लॉन वाळलं, पावसाळ्याने काही दिवस पुन्हा हिरवं केलं, मग मधूनमधून पिवळे चट्टे पडले आणि कडेने हरळी शिरली. आमची मुलगी मुक्ता पुण्याला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, ते काढून टाक. तुला झेपणार नाही. त्यापेक्षा पुदिना, गवती चहा, तुळस असलं काहीतरी लाव. कमी पाण्यात येतं." मी म्हटलं, बरं. शेजारच्या जाधव वहिनींनी कचरूमामांना निरोप दिला.

रविवारी मी खडे ठेवले. आठला आंब्याच्या सावलीच्या कडेला, बाराला पार भिंतीजवळ, चारला जाधवांच्या टाकीच्या सावलीपाशी. मधल्या वेळात पायरीवर बसून राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

सोमवारी मामांनी खडे पाहिले आणि म्हणाले, "बरोबर ठेवलेत." एवढंच. पण त्या वर्षात मी काही बरोबर केलंय असं कोणी मला म्हटल्याचं मला आठवत नाही. सगळे सांभाळून घेत होते.

मामांचं वय पासष्टच्या आसपास. अंगाने काटक. कितीही ऊन असलं तरी पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटाशी बटण लावलेलं. तीस वर्षं एका सरकारी विश्रामगृहाच्या बागेत माळी म्हणून होते. निवृत्त झाल्यावर हर्सूलच्या खोलीतून सायकलवर यायचे आणि चार-पाच बंगल्यांची बाग बघायचे. मूळ गाव गंगापूरकडचं. वडील मेंढरं घेऊन फिरायचे, चुलतभावांकडे अजून कळप होता.

नावाचं त्यांनी स्वतःच सांगितलं. मी विचारलं नव्हतं, पण लोकांच्या चेहऱ्यावर तो प्रश्न त्यांनी आयुष्यभर पाहिला असणार. "माझ्या आधी तीन पोरं गेली माईची. मी झालो तवा मला उकिरड्यावर ठिवलं अन् परत उचलून आणलं. कचरू नाव ठिवलं. म्हंजी कुणाची नजर नको. विश्रामगृहात एक मोठे साहेब यायचे, ते म्हणले, नाव बदलून घे, मी सही करतो. म्हणलं नको साहेब. याच नावानं जगलो, आता काहून बदलू?"

मोजायला त्यांनी टेप कधी वापरली नाही. हात आणि वीत. लॉनच्या मधोमध बसून पुढे हात टाकला, मग उठून समोरच्या बाजूने टाकला. "दोन्हीकडून हात मधात पोचला पायजे. वाफ्यात पाय पडता कामा नाय. पायानं माती दबती." चार खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली. सुतळीच्या आत आलं ते अर्ध्याहून थोडं कमी लॉन.

मी म्हटलं, "मामा, सगळंच काढायचंय."

"सगळं नाय काढत."

"मला नको आहे ते."

"व्हय. पण सगळं नाय काढत," ते म्हणाले आणि फावडं उचललं.

मी वाद घातला नाही. वाद घालायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं.

लॉन काढताना त्यांनी ते उपटलं नाही, कापलं. फावड्याला दगडावर धार लावून, पाटाएवढे चौकोन. खालून फावडं सरकवायचं आणि मुळांसकट पोळीसारखं उचलायचं. ते चौकोन फेकून न देता कोपऱ्यात एकावर एक पालथे रचले, गवत खाली, मुळं वर. "सहा महिन्यांत याची माती होती. तुमच्याच घरची माती, बाहेरून कशाला आणायची?" गवताखाली काय निघालं म्हणता? विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, मुरूम, रॉकेलची एक गंजलेली चिमणी. घर बांधणाऱ्याने उरलंसुरलं तिथेच पुरून वर एक थर काळी माती टाकली होती, आणि सतीश इतकी वर्षं त्या थराला पाणी घालत होता.

मग हरळी. हरळीच्या मुळाचं एक कांडं जरी जमिनीत राहिलं तरी ती परत येते, म्हणून मामा दीड वीत खोल खणून हाताने माती चाळायचे. मलाही बसवलं. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली होती आणि आमच्याकडे त्या वर्षी दिवाळी नव्हती. मी एका बाजूला, मामा दुसऱ्या बाजूला, मध्ये घमेलं. पांढरी, गाठीगाठींची मुळं. मी ती काढत राहिले. शेजारी फराळाचे डबे इकडून तिकडे जात होते. आमच्या गेटपाशी आले की लोक पाय हळू टाकायचे.

मामांचा एक आवडता शब्द होता, इरादा. ते प्रत्येक रोपाचा इरादा बघायचे. "गवती चहाचा इरादा साधा आसतो, आपल्या जागी गप फुगतो. पुदिन्याचा इरादा चांगला नाय. आज वीतभर जागा देली तर उद्या घर मागतो." म्हणून पुदिन्यासाठी त्यांनी एक फुटकी बादली आणली, तिचं बूड कापलं आणि ती काठापर्यंत जमिनीत पुरली. पुदिना तिच्या आत. चहाच्या बाबतीतही त्यांचा एक हट्ट होता. त्यांच्यापुरताच चहा आणला तर कप हातात घ्यायचे नाहीत. "एकट्याला चहा जात नाय ताई. तुमचा पण आणा." मी चहा सोडला होता असं नाही, पण स्वतःपुरता करत नव्हते. मग दोघांचा करायला लागले.

माती तयार झाली तेव्हा चुलतभावाकडून दोन पोती लेंडीखत आलं. पोतं उघडून त्यांनी मूठभर माझ्यासमोर धरलं. "वास बघा बरं ताई."

मी नाक जवळ नेलं. "मातीसारखाच येतोय."

"घाण नाय ना येत? आमोनियावानी, डोळ्यात जाणारा?"

"नाही."

"मग बेस." त्यांनी पोतं वाफ्यात ओतलं.

पुढे रोपं आणली तेव्हाही तेच. तुळशीचं पान चुरडून माझ्यासमोर, "वास बघा." पानओव्याचं, सब्जाचं, "वास बघा." मला वाटायचं, नर्सरीवाल्याने फसवलं नाही ना याची मालकिणीकडून खात्री करून घेण्याची त्यांची पद्धत असेल. मी दरवेळी म्हणायचे, "छान आहे."

मग ती दुपार आली. मी गॅसवर दूध ठेवलं आणि आतल्या खोलीत गेले. सतीशचं कपाट तिथे आहे. काही आवरायला गेले नव्हते, नुसती उभी होते. किती वेळ ते कळलं नाही. करपट धूर खोलीपर्यंत आला तेव्हा धावले. पातेलं काळं ठिक्कर, स्वयंपाकघर धुराने भरलेलं. गॅस बंद केला, खिडकी ढकलली. खिडकीच्या अगदी खाली, हातभर अंतरावर, मामा बसून कोथिंबिरीसाठी धणे रगडत होते. धूर त्यांच्या डोक्यावरून बाहेर गेला तेव्हा दचकून वर बघितलं.

मी चिडले. बऱ्याच महिन्यांनी चिडले असेन. "मामा, एवढं जळत होतं, तुम्हाला वास नाही आला?"

ते उठून उभे राहिले. हातातले धणे तसेच.

"मला वास येत नाय ताई," ते म्हणाले. "कशाचाच. तीन-चार वर्षं झाली."

मी बाहेर पायरीवर येऊन बसले. ते खाली वाफ्याच्या कडेला बसले आणि धणे रगडता रगडता, माझ्याकडे न बघता बोलले.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही आजारी पडले, ते आणि त्यांची बायको. बेड मिळाले ते दोन ठिकाणी. "मी इकडं, ती तिकडं. नवव्या दिवशी पोरगा आला, दारातूनच म्हणला, दादा, माय गेली. दाखवली नाय कुणी. आठ-दहा दिवसांनी मला घरी सोडलं, तवा तिची पिशवी होती घरी. लुगडं, जोडवी, डबा. लुगडं नाकाला लावलं." त्यांनी अजून एक मूठ धणे घेतले. "काय नाय. नव्या कापडावानी. काहीच नाय."

"मग?"

"मग कामाला लागलो. डाक्टरला दाखवलं, तो म्हणला, वास येईल हळूहळू, वाट बघा. तिच्यासाठी रडू पण आलं नव्हतं. पण ते त्याला विचारलंच नाय."

मला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. त्या दिवसांत मला कशाचंच वाईट वाटत नव्हतं. पण मी म्हटलं, "मलाही नाही आलं."

हे मी मुक्तालासुद्धा सांगितलं नव्हतं. मामांनी मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं. धीर दिला नाही, काही समजावलं नाही. म्हणाले, "तेवढं पातेलं भिजत घाला. नायतर निघायचं नाय."

वास येत नाही हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. "माळ्याला वास येत नाय म्हणलं तर कोण बागेत घेईल?" एका बंगल्यावर तर फजिती झाली होती. मालकांच्या नातवाच्या बारशाच्या दिवशी सकाळी मामांनी गुलाबांना खत घातलं. खत कच्चं होतं. पाहुणे नाकाला रुमाल लावून आत पळत होते आणि मामा पाहुण्यांना नमस्कार करत गेटपाशी उभे. मालक एक शब्द बोलले नाहीत, पण पुन्हा बोलावलंही नाही. का, ते महिनाभराने तिथल्या वॉचमनने सांगितलं. हे सांगताना मामा हसले. मीही हसले असेन, कारण जाधव वहिनींनी भिंतीवरून डोकावून पाहिलं.

त्यानंतर "वास बघा" म्हटलं की मला "छान" म्हणून सुटता येईना.

"छान म्हंजी काय?" मामा विचारायचे. "गोड का तिखट? घशात जातो का नाकातच ऱ्हातो?"

मला शब्द शोधावे लागायचे. पानओव्याचा वास पोटदुखीच्या औषधासारखा. सब्जाचा लवंगेकडे झुकणारा, पण ओला. गवती चहा फाडला की आधी लिंबू, मग गवत. मामा मान हलवत ऐकायचे. बरोबर असलं की "व्हय, व्हय" म्हणायचे. चुकलं असं वाटलं तर पान पुन्हा चुरडून पुढे करायचे. त्यांना सगळे वास पाठ होते. फक्त येत नव्हते. आणि मला येत होते, पण मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

एक दिवस ते औरंगपुऱ्यातून येताना कागदाच्या पुडीत मरव्याची दोन रोपं घेऊन आले. मरवा आमच्या यादीत नव्हता. "जागा हाय एका कडंला," म्हणाले. लावून झाल्यावर एक काडी खुडली, तळव्यावर चोळली आणि हात माझ्यापुढे धरला. यावेळी "वास बघा" म्हणाले नाहीत.

मी वाकले. "थंड आहे," म्हटलं. "गोडसर. पण कापरासारखं काहीतरी मागे आहे. शाळेच्या गॅदरिंगला आई माझ्या वेणीत घालायची अबोलीबरोबर, तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीला यायचा, तेव्हा थोडा वाळलेला."

मामांनी हात मागे घेतला नाही. डोळे मिटले होते.

"अजून?"

"अजून... थोडा धुरकट. डोक्याच्या तेलात मिसळला की होतो तसा."

"व्हय," ते म्हणाले. "असाच. गिरजा जत्रंला माळायची." बायकोचं नाव त्यांनी माझ्यासमोर घेतलं ते एवढंच. मग हात सदऱ्याला पुसून त्यांनी झारी उचलली आणि मरव्याला पाणी घातलं. मला वाटलं, आता ते रडतील. किंवा मी रडेन. दोघांपैकी कुणीच रडलं नाही. नळ आला होता, टाकी भरायची होती. मी मोटर चालू करायला गेले.

वाफा चांगला आला, पण सगळा नाही. कढीपत्ता दोनदा लावला, दोनदा वाळला. मेथी गोगलगायींनी खाल्ली. कोथिंबीर मात्र दाट उगवली, शेपू गुडघ्यापर्यंत आला. पुदिना बादलीच्या काठावरून बाहेर डोकावायला लागला की मामा त्याला "अरे, अरे" म्हणत आत वळवायचे. डिसेंबरात मुक्ता आली, पुदिन्याची चटणी केली, दोन घास खाऊन माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?" मी म्हटलं, "माहीत नाही." हे उत्तर तिला आवडलं असावं. आधी मी "हो" म्हणायचे.

उरलेलं लॉन काढायचा विषय मी पुन्हा एकदा काढला. पिवळं पडलं होतं, वाफ्याशेजारी वाईट दिसत होतं.

"साहेबांनी इतकी वर्षं बादल्या वाहिल्या," मामा म्हणाले. "जायचं तवा ते आपोआप जाईल. आपण व्हऊन उपटू नये."

"मला त्यानं काही होत नाही, मामा. बघून काही वाटत नाही."

"नाय तर नाय वाटू द्या. गवताला त्याचं काय?"

फेब्रुवारीत सतीशचं वर्षश्राद्ध झालं. नातेवाईक आले, जेवले, मी व्यवस्थित वागले. मामा त्या दिवशी मुद्दाम आले नाहीत, दुसऱ्या दिवशी आले. मार्चमध्ये एका सकाळी नेहमीसारखे कामाला न बसता पायरीजवळ उभे राहिले. पुतणीच्या नवऱ्याने वेरूळला रस्त्याकडेला जेवणाची खानावळ काढली होती, मागे जागा होती, तिथे भाजीपाला लावायला त्यांना बोलावलं होतं. राहायचीही सोय होती. "आता सायकल व्हत नाय ताई. गुडघे धरतात."

मी चहा केला, दोघांचा. त्यांनी उन्हाळ्यात पाणी सकाळीच घालायचं, गवती चहा वर्षाने फोडून वेगळा करायचा, असं तोंडी सांगितलं. मी लिहून घेतलं. जाताना गेट नीट ओढून लावलं, कडी पडली की नाही ते हलवून पाहिलं.

मे महिन्यात मुक्ता आली तेव्हा तिला घृष्णेश्वराला जायचं होतं. दर्शन झाल्यावर मी ड्रायव्हरला ती खानावळ विचारून घ्यायला सांगितलं. सापडली. पत्र्याची शेड, दोन-चार टेबलं. मुक्ता जेवायला बसली. गल्ल्यावरची बाई, बहुतेक तीच पुतणी, म्हणाली, "कचरूकाका व्हय? मागं हायेत. दुपारचे पडत्यात जरा."

मी मागे गेले. मिरच्यांच्या सरी होत्या, टोमॅटोला काठ्या बांधलेल्या. पलीकडे लिंबाच्या झाडाखाली बारदानावर मामा उताणे झोपले होते. माशा बसू नयेत म्हणून उपरणं तोंडावरून पूर्ण ओढलेलं, हात अंगाशी सरळ.

माझे पाय जागच्या जागी थांबले. छातीत काहीतरी जोरात, दुखेल इतकं जोरात आपटलं. किती दिवसांनी.

मग तोंडावरचं कापड थोडंसं आत गेलं आणि फुगलं. पुन्हा आत गेलं. पुन्हा फुगलं.

मी त्यांना उठवलं नाही. शेजारी एक दगड होता, त्यावर बसले. मिरच्यांवर ऊन तापत होतं. मागून मुक्ताने दोनदा हाक मारली, "आई, निघायचं ना?"

"थांब," मी म्हटलं, "थांब जरा," आणि ते कापड वरखाली होताना बघत राहिले.